नमुना क्रमांक सात

गुरुवारी भोसरी एमआयडीसी बंद असते.
आमची लॅब उघडी होती, कारण चाकणहून
गोणपाटात गुंडाळून आलेला
पॉलिएस्टरचा तुटका पट्टा
सोमवारपासून टेबलावर पडून होता
आणि आठल्ये साहेबांचा तिसरा फोन येऊन गेला होता:
मॅडम, एका शब्दात कारण हवंय.

तुटलेलं टोक पिंजारलेलं,
दाढीच्या जुन्या ब्रशसारखं.
त्याच्या अलीकडे गाठ.
ती सोपान मेदगेनं मारली होती,
पट्टा हातभर लांब पडत होता म्हणून.
दोन टनांचा डाय खाली आला
तेव्हा त्याचा उजवा पाय तिथे होता.

मी पट्ट्या कापल्या, जबड्यात आवळल्या,
मिनिटाला पन्नास मिलिमीटरवर मशीन सोडलं.
बराच वेळ काहीच होत नाही.
मोटर गुणगुणते, स्क्रीनवर रेघ चढते,
रेघ चांगली सरळ असते.

आत मात्र लांबच लांब साखळ्या
एकमेकींतून अंग सोडवत असतात.
कुणी अजून वेटोळं घालून बसलेली,
कुणी केव्हाची ताठ.
ओझं सगळ्यांत सारखं वाटलेलं नसतं.
जी आधी ताठ होते ती आधी तुटते;
तीही बाकीच्यांसारखीच धडधाकट,
फक्त सैल सोडायला
तिच्याकडे काही उरलेलं नसतं.

तुटताना वाटणी चोख.
बंधातले दोन इलेक्ट्रॉन,
एक या टोकाला, एक त्या.
दोन्ही टोकं उघडी पडतात
आणि हवेतला ऑक्सिजन टपलेलाच असतो,
येऊन चिकटतो. परत जुळायचं राहून जातं.
तिचं ओझं शेजारणीवर,
शेजारणीचं पलीकडच्या दोघींवर.
यातलं एकही रेघेवर उमटत नाही.
अब्जावधी तुटल्या तरी रेघ चढतेच आहे,
चढतेच आहे,

फट्.

नवी पट्टी: बावन्न किलोन्यूटन.
नवी, गाठ मारून: एकतीस.
जुनी, बिनगाठीची, तीन वर्षं शेडबाहेर
आकड्याला लटकून उन्हं खाल्लेली: चोवीस.
कारण ऊनही ओढतं, ताकद न लावता,
एकेक बंध, रोज सकाळी आठपासून.
त्याला कुठली मशीन नाही,
त्याचा लॉगबुकात आकडा नाही.

सातवा नमुना: जुनी, गाठ मारून.
गाठ मी स्वतःच मारली,
फोटोत बघून, त्याच्यासारखीच,
उजवं टोक वरून, मग खालून,
आणि पक्की बसली का
हे दोन्ही हातांनी ओढून पाहिलं.
त्यानंही पाहिलं असणार.
चौदाला तुटली.
गाठीच्या तोंडाशी, नेमकी तिथेच.
दोन टन म्हणजे वीस, बोटांवर मोजा.

दुपारी वायसीएमच्या वॉर्डातून फोन आला,
नंबर कुणी दिला माहीत नाही.
मॅडम, माझी गाठ चुकली का?
मागे ट्रॉलीचा खडखडाट,
कुणीतरी चहावाल्याला हाक मारत होतं.
मी म्हटलं, गाठ सुटली नाही, सोपानराव.
पक्की होती.
तो बरं म्हणाला. मग बराच वेळ
फोन ठेवला नाही. मीही नाही.

फॉर्मवर कारणाचा रकाना
नखाएवढा आहे.
मी त्यात «गाठ» लिहिलं,
पुढे स्वल्पविराम दिला, «ऊन» लिहिलं,
मग «तीन वर्षं», मग तपासणीची शेवटची तारीख,
जी मला कुठेच सापडली नव्हती,
म्हणून तसंच लिहिलं, सापडली नाही,
आणि अक्षरं रकान्याबाहेर,
समासातून, सहीच्या जागेपर्यंत गेली.

आठल्ये साहेब म्हणतील, एका शब्दात सांगितलं होतं.

सातव्याचे दोन तुकडे पाकिटात घातले.
त्यातला गाठीचा तुकडा पुन्हा बाहेर काढून
सोडवायला बघितला, नखं लावून.
सुटेना.